सिएना : झाकलेली फरशी, उघडी भिंत

फरशीवर तक्ते टाकलेले होते.

तपकिरी, गुळगुळीत, हार्डबोर्डचे. एकाला एक भिडवून, सांध्यांवर पट्टी मारून. घरात रंगारी आले की आपण जुन्या चादरी अंथरतो ना, तशी अवकळा. ज्या फरशीसाठी मी इटलीतल्या सिएनाला गेले, जिचे फोटो बघत आठ वर्षं म्युनिकच्या थंडीत 'एकदा जायचंच' म्हणत होते, ती माझ्या बुटांखाली होती आणि मला दिसत नव्हती.

चूक माझीच. सिएनाच्या कॅथीड्रलची फरशी वर्षातले बहुतेक महिने झाकूनच ठेवतात; उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे काही आठवडेच ती पूर्ण उघडतात. हे मला ठाऊक होतं. पण बाबांच्या व्हिसाचे नव्वद दिवस एप्रिल ते जूनमध्ये बसत होते, माझी रजा मे महिन्यात मंजूर झाली, आणि 'जाऊ तर खरं, थोडीफार दिसेलच' या आपल्या राष्ट्रीय आशावादावर मी तिकिटं काढून मोकळी झाले. थोडीफार दिसलीही. दोन-तीन चित्रं दोर लावून उघडी ठेवली होती आणि त्या दोरांभोवती लग्नातल्या आइस्क्रीमच्या काउंटरसारखी गर्दी.

"झाकलंय ते बरं केलंय," बाबा म्हणाले. "एवढे पाय रोज पडले तर पुसून जाईल सगळं."

बरोबरच होतं त्यांचं, म्हणून जास्त राग आला.

फरशी म्हणजे एकूण ५६ चित्रं, सगळी दगडात. सुरुवातीची चौदाव्या शतकातली, आणि मुख्य काम सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेलं. चाळीसेक कलाकारांचे हात लागले. जुनी रीत अशी, की पांढऱ्या संगमरवरावर छिन्नीने रेषा कोरायच्या आणि त्या खाचांत काळं लुकण भरायचं. पुढे वेगवेगळ्या रंगांचे दगड कापून एकमेकांत बसवायला लागले, त्यामुळे नंतरच्या चित्रांत सावल्याही आल्या. मी दोराशी उकिडवी बसले तिथून एका बाईच्या पदराची चुणी अगदी जवळून दिसत होती. चुणीची रेष जिथे वळते तिथलं काळं भरण बोटभर लांबीचं निघून आलं होतं, आणि त्या खाचेत धूळ बसून तीच रेष करड्या रंगात पुढे गेली होती. पाच मिनिटं तेवढंच बघत बसले. मग मागून "प्रेगो, सिन्योरा" असा आवाज आला. म्हणजे 'बाई, उठा आता.'

बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, त्याला चौदा वर्षं झाली. निवृत्त झाले ते कागदोपत्री. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी छताच्या कोपऱ्यात ओल आहे का ते बघणार, मग जिन्याच्या पायरीची उंची पायाने अजमावणार, मग इतर. आई म्युनिकला नातीजवळ थांबली ("मला चर्चं पुरेत बाई, तुम्ही जा"), म्हणून आम्ही दोघंच निघालो. मी आणि बाबा असा एकट्याने प्रवास शेवटचा कधी केला होता ते दोघांनाही आठवेना. बहुधा माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला, एसटीने. ते इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षी सोडलं. तो विषय आमच्यात निघत नाही.

फ्लोरेन्सचे दोन दिवस रांगेत गेले. त्याबद्दल लिहावंसं काही नाही.

फ्लोरेन्सहून बस सव्वा तासात सिएनाला सोडते. रेल्वेही आहे, पण स्टेशन खाली आणि गाव वर टेकडीवर, सरकते जिने बदलत बदलत चढायचं. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून बस घेतली. मग बसमधून उतरल्यावर गावातच एवढे चढउतार निघाले, की सगळा हिशेब तिथल्या तिथे फिटला. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. फक्त दर चढाला थांबून दुकानाची काच बघायचे, जणू त्यांना चामड्याची पर्स घ्यायचीच आहे.

गल्ली वळली आणि समोर ते काळं-पांढरं प्रकरण उभं राहिलं. घंटेचा मनोरा वरपासून खालपर्यंत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आत खांबही तसेच. सिएनाच्या ढालीचे रंग हेच, वर पांढरा आणि खाली काळा. दंतकथा अशी, की रोम वसवणाऱ्या भावांपैकी रेमसची दोन मुलं काकाच्या भीतीने पळाली, एकाचा घोडा पांढरा, एकाचा काळा, आणि त्यांनी हे गाव वसवलं. मी ही गोष्ट रंगवून सांगितली. बाबा म्हणाले, "खिडक्या बघ."

मनोऱ्याला सर्वांत खाली एक कमान असलेली खिडकी, तिच्यावर दोन कमानींची, मग तीन, असं करत सर्वांत वर सहा. लांबून नक्षी वाटते. बाबांच्या मते ती नक्षी नव्हे, वजनाचा हिशेब आहे: वर जाल तसं दगड कमी, भोकं जास्त. मला काकाच्या भीतीने पळालेले भाऊ जास्त आवडले, पण खिडक्यांचं मी आयुष्यात विसरणार नाही.

दर्शनी भागाचा खालचा अर्धा भाग शिल्पकार जोव्हानी पिसानोने १२८४ पासून पुढे केला. त्यावर त्याने संदेष्टे, तत्त्वज्ञ, भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया असे पुतळे उभे केले. मूळ पुतळे आता शेजारच्या म्युझियममध्ये आहेत आणि बाहेर नकला. वरच्या त्रिकोणांतलं झगझगीत सोनेरी मोझेक बघून सगळे 'वा, मध्ययुग' करतात. ते एकोणिसाव्या शतकातलं, व्हेनिसमध्ये बनवलेलं आहे. हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. इतकं चकचकीत काही सातशे वर्षं टिकलं असेल यावर माझा विश्वास बसत नव्हताच.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं डोळ्यांना काही सुचत नाही. पट्टे, पट्टे, पट्टे. वर निळ्या छतावर सोनेरी तारे. आणि कमानींच्या वर, पूर्ण लांबीभर, पोपांची डोकी! दीडशेहून जास्त पोप ओळीने, खाली वाकून बघताहेत, जणू शाळेच्या गच्चीवरून मास्तरमंडळी उशिरा येणाऱ्या पोरांना बघताहेत. त्यांच्याखाली कमानींच्या कोनाड्यांत सम्राट. मला तिथे प्रार्थना करायला जमलं नसतं. बाबा इतक्यात घुमटाखाली जाऊन बोटाने काहीतरी मोजत होते.

"सहा," म्हणाले. "घुमटाखाली चार खांब असतात. इथे सहा आहेत."

खरंच सहा होते. सिएनाचा घुमट षटकोनावर उभा आहे. तोही बिचारा नीट सारख्या बाजूंचा नाही. तेराव्या शतकात, १२६० च्या दशकात तो पुरा झाला, तेव्हा एवढा मोठा घुमट उचलायचा अनुभव इथे कुणाला होता? मी पुस्तक वाचून गेले होते आणि मला हे दिसलं नसतं. ज्यांनी काही वाचलं नव्हतं त्यांना पाच मिनिटांत दिसलं.

जवळच निकोला पिसानोचं व्यासपीठ आहे, जोव्हानीच्या बापाचं. पांढरा संगमरवर, आठ बाजू, खाली शिकार तोंडात धरलेले सिंह आणि त्यांच्या पाठीवर खांब. त्याचा १२६५ चा करार टिकून आहे. त्यात रोजही लिहिलेले आहेत: निकोलाला दिवसाला ८ सोल्दी, त्याच्या दोन साहाय्यकांना ६, आणि मुलगा जोव्हानी कामावर आला तर त्याला ४. मुलाचे पैसेही बापाच्याच हातात. हे बाबांना फार आवडलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हाताखाली शिकायला आलेल्याला एवढेच द्यायचे."

"मुलगा पुढे बापापेक्षा मोठा झाला, बाबा."

"म्हणूनच."

यावर काय बोलणार?

डाव्या बाजूला पिकोलोमिनी घराण्याची वेदी आहे. १५०१ मध्ये कार्डिनल फ्रांचेस्को पिकोलोमिनीने तिच्यासाठी मायकेलअँजेलोकडून १५ पुतळ्यांचा करार करून घेतला. त्याच उन्हाळ्यात फ्लोरेन्सने मायकेलअँजेलोला डेव्हिडच्या पुतळ्याचं काम दिलं. सिएनाला मिळाले ४ पुतळे. बाकीचे ११ राहिले ते राहिलेच. हे सांगितल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "मोठं काम मिळालं की छोट्या साइटवरची माणसं हलवतात," ते म्हणाले. "सगळीकडे तेच."

त्याच कार्डिनलने काका पोप पायस दुसरा याच्या पुस्तकांसाठी कॅथीड्रलमध्येच एक ग्रंथालय बांधलं आणि चित्रकार पिंतुरिक्क्योकडून १५०२ पासून पुढे ते रंगवून घेतलं. भिंतीवर काकाच्या आयुष्याचे दहा प्रसंग. रंग असे, की काल ब्रश धुऊन ठेवलाय. पुढे हा कार्डिनल स्वतः पोप झाला आणि २६ दिवसांत वारला. काकाची पुस्तकं ग्रंथालयात कधी आलीच नाहीत. आज तिथे काचेखाली दिसतात ती प्रार्थनागीतांची भलीमोठी हस्तलिखितं. खालची फरशी मात्र उघडी होती! निळी, तिच्यावर सोनेरी चंद्रकोरी, पिकोलोमिनींची खूण. मी तिचेच दहा-बारा फोटो काढले. भूक भागवायची तर भाकरी काय आणि पाव काय.

खाली तळघर आहे, तिथे जरूर जा. १९९९ मध्ये खोदकाम करताना सापडलं. भिंतींवर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली चित्रं, निळा आणि लाल रंग इतका ताजा की संशय यावा. कारण साधं: चौदाव्या शतकात वरचं बांधकाम वाढवताना ही जागा राडारोडा टाकून भरून टाकली. सुमारे सातशे वर्षं ना उजेड, ना हवा, ना मेणबत्तीचा धूर. बाबा तिथे बराच वेळ एका कोपऱ्यात उभे होते. चित्रं नव्हे, चित्राच्या छाताडातून आरपार गेलेला दगडी आधार बघत. वरच्या इमारतीचं वजन पेलायला तो नंतर घातलेला, चित्र होतं तिथेच.

"का वाढवत होते?" त्यांनी विचारलं.

आणि इथून आमचा दिवस बदलला.

सिएना टेकडीच्या पाठीवर वसलंय. कॅथीड्रल वरच्या सपाटीवर, पण मागच्या बाजूला जमीन एकदम खाली जाते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना इमारत मागे वाढवायची होती. म्हणून उतारावर खाली बाप्तिस्मागृह बांधायला घेतलं आणि त्याच्या छतावर कॅथीड्रलचा वाढीव भाग, अशी योजना. काम निम्मं झाल्यावर शंका आली. १३२२ मध्ये जाणकारांची समिती नेमली. तिच्यात लोरेन्झो माइतानी होता, मूळचा सिएनाचा, तेव्हा ओर्विएतोच्या कॅथीड्रलचं काम बघणारा. समितीने सांगितलं: नवीन पाया पुरेसा नाही, तो बसतो आहे, जुन्या भिंतींना धोका आहे, काम थांबवा. बांधायचंच असेल तर नवीन मोठं चर्च मुळापासून बांधा.

मी हे बाप्तिस्मागृहाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर सांगत होते. बाबा मधल्या पायरीवर थांबले.

"परत सांग. रिपोर्ट दिला होता?"

"हो."

"लेखी?"

"लेखी. आजही आहे."

"आणि मग?"

"काम चालू ठेवलं."

बाबा हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एक जपानी जोडपं बाजूने वाट काढून गेलं. मी गेल्या कित्येक वर्षांत बाबांना असं हसताना पाहिलेलं नाही. "सातशे वर्षं!" ते म्हणत होते. "अगं, सातशे वर्षं झाली गं!"

ते का हसत होते हे आमच्या घरात कुणालाही सांगावं लागणार नाही. बाबा नवीन जेई (ज्युनिअर इंजिनिअर) असताना कोकणात एका खाडीवर पूल मंजूर झाला. बोअरिंगमध्ये जिथे खडक दाखवला होता तिथे तो नव्हता. बाबांनी टिपण लिहून वर पाठवलं. टिपण वर गेलं आणि वरच राहिलं. चार खांब पाण्याबाहेर आले, मग एक खांब कलला, मग ठेकेदार गेला, मग पैसे गेले, मग बाबांची बदली झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी वरच्या अंगाला दुसरा पूल झाला. ते चार खांब अजून आहेत, पाणकावळे बसतात त्यांच्यावर. लहानपणी होडीतून पलीकडे जाताना मी मोठ्याने विचारायचे, "आई, हाच का बाबांचा पूल?" आणि होडीतली सगळी माणसं बघायची. आज विचार केला की अंगावर काटा येतो.

तर सिएनाकरांनी समितीचा अर्धाच सल्ला ऐकला. काम थांबवलं नाही, पण मोठ्या चर्चची कल्पना डोक्यात राहिली. शत्रू फ्लोरेन्सने १२९६ पासून अवाढव्य कॅथीड्रल मांडलं होतं, ते डोळ्यांत खुपत होतंच. २३ ऑगस्ट १३३९ ला नगरसभेने ठराव केला, आणि तो ठराव वाचून माझं डोकं गरगरलं: असलेलं अख्खं कॅथीड्रल म्हणजे आता नव्या चर्चची फक्त आडवी बाजू. मुख्य लांबी त्याला काटकोनात, नवीन बांधायची. म्हणजे आपल्या वाड्याला आपण नव्या वाड्याची पडवी ठरवायची. काम दिलं लांदो दि पिएत्रोला. हा मूळचा सोनार. त्याला नेपल्सहून बोलावून घेतलं. आला आणि पुढच्याच वर्षी, १३४० मध्ये वारला.

या लांदोची एक वेगळी गोष्ट आहे, ती इथे बसत नाही तरी सांगते. त्याने १३३८ मध्ये ख्रिस्ताची एक लाकडी मूर्ती केली होती. १९४४ मध्ये गावाबाहेरच्या ओस्सेर्वान्झाच्या चर्चवर बॉम्ब पडला आणि मूर्ती फुटली. फुटलेल्या डोक्यात चर्मपत्राची चिठ्ठी निघाली. लांदोने स्वतःचं नाव लिहून, स्वतःसाठी आणि सगळ्यांसाठी दयेची प्रार्थना करून ती आत ठेवली होती आणि वरून लाकूड बंद केलं होतं. सहाशे वर्षं कुणालाही माहीत नव्हतं. कॅथीड्रलचा नकाशा फसलेला माणूस, पण चिठ्ठी पोचली.

लांदोनंतर काम चालू राहिलं. कमानी उभ्या राहिल्या, दर्शनी भिंत चढली. आणि १३४८ मध्ये प्लेग आला. निम्मं शहर गेलं, कुणी म्हणतात त्याहून जास्त. आन्योलो दि तुरा नावाच्या सिएनाकराने बखर लिहून ठेवली आहे. तिच्यात तो प्रेतांच्या खड्ड्यांबद्दल लिहितो आणि मग एका वाक्यात सांगतो, की आपल्या पाच मुलांना आपण आपल्याच हातांनी पुरलं. पुढे तो बखर लिहीत राहतो. ते वाक्य वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, तेही ट्रॅममध्ये, म्युनिकला. बाबांना सांगितलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले.

म्युझियममध्ये जायला निघालो ते या अर्धवट चर्चच्या पोटातूनच. इथे येईपर्यंत मला नीट कळलं नव्हतं: जो चौक आपण सहज ओलांडतो, तोच त्या न झालेल्या कॅथीड्रलचा मधला भाग. वर छत नाही, आकाश आहे. एका बाजूला उंच कमानी उघड्या उभ्या, त्यांच्याखालून लोक मोबाइल बघत चाललेले. दुसऱ्या बाजूच्या कमानी भिंती घालून बुजवल्यात, त्यांच्या आत म्युझियम बसलंय. आणि टोकाला ती भिंत. दर्शनी भाग व्हायचा होता तो. मधल्या मोठ्या खिडकीतून निळं आकाश दिसतं, कारण तिच्यामागे काहीच नाही.

बाबांनी चष्मा पुसला. मग एका खांबाशी गेले, गळ्यातला गोफ काढला. त्याला आमच्या साताऱ्याच्या घराची किल्ली असते, परदेशातही. तो गोफ बोटांत धरून त्यांनी किल्ली खांबाशेजारी लोंबकळत सोडली. ओळंबा! भर सिएनात! एक डोळा मिटून ते उभे राहिले. किल्ली हेलकावे खात राहिली.

"काय?" मी विचारलं.

"वारं आहे," ते म्हणाले. "काही सांगता येत नाही." गोफ परत गळ्यात गेला. मग खांबाला तळहात लावून म्हणाले, "पण बारीक आहे हा. एवढ्या उंचीला बारीक आहे."

आणि ते खरं होतं. म्हणजे मी मोजलेलं नाही, पण शाळेत सांगतात ती 'प्लेग आला म्हणून काम थांबलं' ही गोष्ट अर्धीच आहे. प्लेगनंतरही काही वर्षं कामाचं नाव चालू होतं. मग भेगा दिसायला लागल्या, तज्ज्ञांची मतं घेतली, त्यांत फ्लोरेन्सचाही माणूस होता. (कल्पना करा त्यांचा अपमान!) इमारत भार घेणार नाही असा निकाल आला, आणि १३५७ मध्ये धोकादायक झालेला भाग उतरवायचं ठरलं. पैसा, माणसं, सत्ता हे सगळं प्लेगने नेलं होतं हे खरंच. पण खांब बारीक होते. मग परत जुन्याच कॅथीड्रलला मागे वाढवण्याचं काम पुरं केलं. तेच, जे थांबवा म्हणून १३२२ मध्ये लिहून दिलं होतं. ते आजही उभं आहे, पडलेलं नाही. यावर मात्र बाबा हसले नाहीत. बराच वेळ गप्प होते.

म्युझियममधलं दोनच गोष्टींबद्दल सांगते. एक, चित्रकार दूच्योची 'माएस्ता', मोठी वेदी, मेरी आणि भोवती संतांची सभा. ९ जून १३११ ला ती त्याच्या कार्यशाळेतून कॅथीड्रलपर्यंत मिरवणुकीने नेली, घंटा आणि तुताऱ्यांच्या गजरात. १७७१ मध्ये करवतीने कापून तिचे तुकडे केले. काही तुकडे आज लंडनमध्ये, काही अमेरिकेत. सोन्यावरचा तो अंधारलेला उजेड फोटोत येत नाही. दुसरी, जोव्हानी पिसानोचे मूळ पुतळे. मोझेसची बहीण मिरियम तुमच्या समोर उभी आहे आणि तिची मान अशी पुढे काढलेली, की ती भिंतीतून बाहेर पडतेय असं वाटावं. जवळून विचित्र, जवळजवळ विद्रूप. पण ती खालून, चौकातून बघायला केलेली होती. मान सरळ ठेवली असती तर खालच्या माणसाला नुसती हनुवटी दिसली असती. आम्ही चुकीच्या जागी उभे होतो, ती नाही.

भिंतीवर चढायची रांग म्युझियमच्या आतूनच. थोडी थोडी माणसं सोडतात. आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. बसायला एकही बाक नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चाळीस मिनिटं उभं ठेवायचं आणि मग गोल जिन्याने चढवायचं, याला कुठल्या देशाचं आदरातिथ्य म्हणतात? मी दोनदा म्हटलं, "बाबा, राहू द्या, खाली बसू." ते ऐकेनात. जिना इतका अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात. पुढे एक जर्मन आजोबा, मागे आम्ही. मधेच आजोबा थांबले तर बाबांनी त्यांच्या पाठीला हात लावून साताऱ्याच्या मराठीत सांगितलं, "सावकाश, काही घाई नाही." आजोबांना ते कळलं.

वर आलो. भिंत एवढीशीच रुंद. चालायला एका माणसापुरती वाट, दोन्हीकडे कठडा. एका बाजूला शिंपल्यासारखा पसरलेला काम्पो चौक आणि टाऊन हॉलचा मनोरा, पलीकडे हिरव्या टेकड्या. सगळे त्या बाजूला फोटो काढत होते. बाबा उलट्या बाजूला वळले, आतल्या. खाली तो चौक, कमानींची रांग आणि समोर खरं कॅथीड्रल, त्याचा सहा खांबांवरचा घुमट. इथून सगळी मांडणी दिसते. कुठून कुठे छत जायचं होतं, किती लांब. माणूस हातात नकाशा धरून बघतो तसे बाबा बघत होते. ओठ हलत होते, बहुधा गाळे मोजत होते.

मग त्यांनी फोन काढला आणि एकच फोटो घेतला. त्यात ना मी, ना टेकड्या. तेवढ्यात रखवालदाराने वेळ संपल्याची हाक दिली.

जेवायला उशीर झाला आणि अडीचनंतर या देशात स्वयंपाकघरं बंद होतात, हे मी दर वेळी विसरते. शेवटी एका ठिकाणी पिची मिळाल्या, हाताने वळलेल्या जाड शेवयाच म्हणा, लसूण-टोमॅटोच्या रश्श्यात. बाबांना आवडल्या. पाव आवडला नाही. तोस्काना म्हणजे या प्रांताच्या पावात मीठच घालत नाहीत आणि शिवाय टेबलावर बसल्याचे माणशी अडीच युरो लावतात. बाबांनी बिल दोनदा वाचलं. "बसल्याचे?" म्हणाले. "मघाशी चाळीस मिनिटं उभे होतो, त्याचे वजा करायला सांग."

परतीच्या बसमध्ये बाबा फोनवर काहीतरी करत होते. त्यांच्या निवृत्त सहकाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सकाळी फुलं आणि संध्याकाळी पेन्शन. तिथे त्यांनी तो फोटो टाकला होता, खाली नुसतं 'सिएना, इटली. काम बंद : १३५७.'

फ्लोरेन्स यायच्या आत पहिलं उत्तर आलं. बाबांनी फोन माझ्यासमोर धरला.

'साहेब, रिवाइज्ड एस्टिमेट पाठवलं होतं का?'